चिमुकली अक्षरे

सायंकाळच्या वेळी ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले असता दोन प्रकारची अक्षरे दृष्टीस पडतात. एक प्रकार फलाटावरील पाटीवर असतो. गाडीत बसलेल्या उतारूला स्थानकाचे नाव दुरूनही वाचता यावे, म्हणून ती अक्षरे देवनागरी आणि रोमन अशा दोन लिपींत मोठी व ठळक काढलेली असतात. दुसरा प्रकार प्रवाशांच्या तळहातावर असतो. डोंबिवली व कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर मित्रांचे संदेश येत असतात. त्यांतील काही नावे आणि काही ओळी नेहमीच्या अक्षरांत नसतात. ती अक्षरे रोमन लिपीतीलच, परंतु मोहरीच्या दाण्याएवढी चिमुकली आणि ओळीच्या वर चढून बसलेली दिसतात. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून मग त्यांना असे रूप देण्याची हौस पुष्कळ मुलांना असते. कोणी प्रोफाइलमध्ये आपले नाव असे लिहितो, तर कोणी नावाखालची ओळ.

ही अक्षरे पाहून वाटते, की नेहमीचीच अक्षरे कोणीतरी आकुंचित करून ठेवली आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. ती अक्षरे कशी तयार होतात आणि मुळात ती कोणाची आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्या जाणण्यावर कोणाला तरी संदेश कळणे अथवा न कळणे अवलंबून असते.

लहान अक्षरांचा उपयोग मनुष्याने फार पूर्वीपासून केला आहे. हस्तलिखित पोथी लिहिताना एखादे अक्षर गळले, तर लेखक त्या जागी काकपद नावाची खूण करी आणि गळलेले अक्षर ओळीच्या वर किंवा समासात बारीक लिही. पुढे छापखाने आले. १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. तेथील देवनागरी खिळ्यांचे वळण इतके सुबक होते, की त्यांची कीर्ती दूरवर पसरली. खिळा म्हणजे धातूचे उलटे कोरलेले अक्षर. जुळारी असे खिळे एकापुढे एक जुळवून ओळ तयार करी. मोठे अक्षर हवे असेल तर मोठा खिळा, लहान हवे असेल तर लहान खिळा, अशी व्यवस्था असे. म्हणजे प्रत्येक आकारासाठी खिळ्यांचा वेगळा संच ओतावा लागे. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८६४ साली झाली आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९३ साली. अशा जुन्या ग्रंथालयांत खिळ्यांनी छापलेले ग्रंथ उघडून पाहिले, तर तळटीप दर्शविणारा बारीक अंक शब्दाच्या खांद्यावर बसलेला आढळतो. गणितात वर्ग दाखविणारा अंकही असाच वर चढलेला असतो. तेव्हा चिमुकल्या अक्षराची जात नवी नाही. नवे आहे ते त्याचे कार्यक्षेत्र.

संगणकात आणि मोबाइलमध्ये खिळे नसतात. तेथे अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो. जगातील बहुतेक सर्व लिपींतील अक्षरांना असे क्रमांक देणारे एक सर्वमान्य कोष्टक आहे. त्यास युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि देवनागरीला त्यात पहिल्यापासून स्थान मिळाले. या कोष्टकात 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. तेथून वर्णमालेच्या क्रमाने ख, ग, घ असे मोजत गेले, तर 'ठ' पाशी २३३६ हा आकडा येतो. 'ठाणे' हा शब्द मोबाइलवर लिहिला, की मोबाइल २३३६, २३६६, २३३९ आणि २३७५ एवढे चार क्रमांक साठवितो. पहिला ठ चा, दुसरा कान्याचा, तिसरा ण चा आणि चौथा मात्रेचा.

मग पडद्यावर जे सुंदर रूप दिसते ते कोठून येते? ते फाँटमधून येते. फाँट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संग्रह. विंडोज या संगणकप्रणालीतील 'मंगल' हा देवनागरी फाँट प्रसिद्ध अक्षरकलावंत र. कृ. जोशी यांनी रेखला. त्यांच्यासारख्या कलावंतांनी रेखलेली अशी अनेक वळणे आज उपलब्ध आहेत. वळण कोणतेही निवडा, अक्षर तिळाएवढे करा अथवा भिंतीएवढे करा, 'ठ' चा क्रमांक २३३६ च राहतो. मनुष्याने पोशाख बदलला म्हणून त्याचे नाव बदलत नाही, तसेच हे आहे. क्रमांक ही अक्षराची ओळख आणि फाँट हा त्याचा पोशाख होय.

येथेच अडचण उत्पन्न होते. नाव किंवा संदेश लिहिण्याच्या बहुतेक चौकटींत अक्षराचा आकार बदलण्याची सोय नसते. तेथे फक्त क्रमांक पाठविता येतात. पोशाख पाठविता येत नाही. अशा ठिकाणी चिमुकले अक्षर हवे असेल, तर एकच उपाय उरतो. जे अक्षर जन्मतःच चिमुकले आहे, असे एखादे वेगळे चिन्ह कोष्टकातून शोधून काढावयाचे.

अशी चिन्हे युनिकोडमध्ये आहेत. परंतु ती हौसेसाठी निर्माण झालेली नाहीत. त्यांतील पुष्कळ चिन्हे उच्चारांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांची आहेत. १८८६ साली पॅरिस येथे अशा अभ्यासकांची एक संघटना स्थापन झाली. जगातील कोणत्याही भाषेचा उच्चार अचूक लिहिता यावा, यासाठी तिने एक लिपी तयार केली. नेहमीची रोमन अक्षरे या कामी अपुरी पडत. म्हणून काही अक्षरे उलटी केली गेली, काही बुटकी केली गेली, तर काही बारीक करून वर चढविली गेली. या प्रत्येक बदलाला निश्चित अर्थ आहे.

त्याचे उत्तम उदाहरण ठाण्याच्या नावातच सापडते. तोंडासमोर तळहात धरून आधी 'ट' आणि मग 'ठ' असा उच्चार करून पाहावा. 'ट' म्हणताना हाताला फारसे काही जाणवत नाही. 'ठ' म्हणताना श्वासाचा झोत स्पष्ट लागतो. या श्वासयुक्त वर्णांना मराठी व्याकरणात महाप्राण म्हणतात. ख, घ, छ, झ, ठ, ढ हे असेच वर्ण होत. मराठीत त्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरे असल्यामुळे लिहिताना अडचण पडत नाही. रोमन लिपीत मात्र तशी सोय नाही. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत ठाण्याचे नाव 'टाना' किंवा 'टन्ना' असे वाचले जाईल अशा प्रकारे लिहिलेले आढळते; ठ मधील श्वास त्यात हरवून गेला होता. उच्चारशास्त्राच्या लिपीत हा श्वास दाखविण्यासाठी ट च्या चिन्हापुढे 'एच' हे अक्षर अगदी बारीक करून वर लिहितात. ते वाचून परदेशी अभ्यासकालाही कळते, की येथे 'टाणे' म्हणावयाचे नाही, 'ठाणे' म्हणावयाचे.

मुले आपल्या नावाच्या शोभेसाठी जो चिमुकला 'एच' वापरतात तो हाच. साध्या लहान 'एच' चा क्रमांक १०४ आणि मोठ्या म्हणजे कॅपिटल 'एच' चा ७२ आहे. वर चढलेल्या चिमुकल्या 'एच' चा क्रमांक ६८८ आहे. याखेरीज मोठ्या अक्षराचे रूप, परंतु लहान अक्षराची उंची असलेला एक बुटका कॅपिटल 'एच' आहे. त्याचा क्रमांक ६६८ आहे. डोळ्यांना ही चारही रूपे एकाच घरातील वाटतात; मोबाइलच्या लेखी ती चार निरनिराळी चिन्हे आहेत.

आता अशी ओळ प्रत्यक्षात कशी तयार होते ते सहज समजेल. त्यासाठी इंटरनेटवर काही साधने मिळतात. त्यांच्यामागे कोणतीही जादू नसते; एक साधे कोष्टक असते. डावीकडे नेहमीचे अक्षर आणि उजवीकडे त्याच्यासारखे दिसणारे चिमुकले चिन्ह, अशा जोड्या त्यात लावलेल्या असतात. कोणी चौकटीत आपले नाव लिहिले, की साधन एकेक अक्षर घेते, कोष्टकात पाहते आणि त्या जागी दुसरे चिन्ह ठेवते. १०४ काढून ६८८ बसवावयाचा, एवढेच त्याचे काम. तयार झालेली ओळ नक्कल करून प्रोफाइलमध्ये किंवा संदेशात चिकटविली जाते.

मात्र हा संच कोणी एका हाताने, एका वेळी घडविलेला नाही. म्हणून त्यात जागोजागी खाचखळगे राहिले आहेत. वर चढलेला इंग्रजी दोनचा अंक १७८ व्या क्रमांकावर आणि तीनचा १७९ व्या क्रमांकावर आहे. एकचा अंक १८५ व्या क्रमांकावर जाऊन बसला आहे आणि चारचा तर एकदम ८३०८ व्या. कारण असे, की पश्चिम युरोपातील भाषांसाठी आधी केलेल्या एका कोष्टकात एक, दोन आणि तीन एवढेच चढते अंक होते. बाकीचे नंतर दुसरीकडे घ्यावे लागले. वर चढलेल्या लहान 'क्यू' ला तर २०२१ सालापर्यंत युनिकोडमध्ये जागाच नव्हती. तोवर साधने त्या जागी नेहमीचा 'क्यू' ठेवून वेळ मारून नेत. यामुळेच चिमुकल्या ओळीत एखादे अक्षर मध्येच थोराड दिसते. शिवाय ज्या मोबाइलच्या फाँटात ते चिन्ह रेखलेलेच नाही, तेथे नुसता रिकामा चौकोन उमटतो.

देवनागरीत लिहिलेले नाव मात्र असे चिमुकले करता येत नाही, हे अनेकांना आढळून आले असेल. कारण उघड आहे. त्या उच्चारशास्त्राच्या लिपीने आपली चिन्हे मुख्यतः रोमन अक्षरांपासून घडविली. देवनागरी अक्षरांची तशी बारीक रूपे कोणाला लागली नाहीत, म्हणून कोष्टकात ती आली नाहीत. अपवाद एक आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. सामवेदाच्या पोथ्यांत गायनाचे स्वर दाखविण्यासाठी अक्षरांच्या डोक्यावर बारीक देवनागरी अंक व काही अक्षरे लिहिण्याची परंपरा आहे. २००९ साली युनिकोडमध्ये त्यांना स्थान देण्यात आले. परंतु ती चिन्हे स्वतंत्र उभी राहत नाहीत. आधीच्या अक्षराच्या माथ्यावर बसतात. ती गायकासाठी आहेत, नाव लिहिण्यासाठी नव्हेत.

तथापि, देवनागरीला अक्षर लहान करणे ठाऊक नाही असे मुळीच नाही. 'सूर्य' हा शब्द पाहावा. त्यातील 'र' कोठे आहे? तो 'य' च्या डोक्यावर रफार होऊन बसला आहे. एवढे मोठे अक्षर आखडून एक लहानशी वळणदार रेघ झाले आहे. पण मोबाइलने साठविलेले क्रमांक तपासले, तर 'र' चा मूळ क्रमांक २३५२ तेथे जसाच्या तसा आढळतो. त्यापुढे पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१ आणि नंतर 'य' चा २३५१. रूप लहान झाले, जागा बदलली, परंतु 'र' हा 'र' च राहिला. चिमुकल्या रोमन अक्षरांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे रूप ओळखीचे दिसते, पण अक्षर मात्र बदललेले असते.

हा फरक डोळ्यांनी वाचणाऱ्याला जाणवत नाही. जो डोळ्यांनी वाचत नाही, त्याला तो पदोपदी जाणवतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतून लोकलने ये-जा करणाऱ्यांत अंध प्रवासीही असतात. त्यांपैकी अनेक जण मोबाइल सराईतपणे वापरतात. त्यांच्या मोबाइलमध्ये पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एक व्यवस्था चालू असते. तिला पडदावाचक म्हणता येईल. पडदावाचक अक्षराचे चित्र पाहत नाही. तो क्रमांक वाचतो. २३३६, २३६६, २३३९, २३७५ हे क्रमांक आले, की तो 'ठाणे' असे स्वच्छ उच्चारतो.

समजा, डोंबिवलीच्या एका शाळेतील मुले कल्याणचा दुर्गाडी किल्ला पाहावयास निघणार आहेत. कोणीतरी सर्वांना संदेश पाठविला, की सकाळी आठ वाजता कल्याण स्थानकाच्या तिकीटघरापाशी जमावे. संदेश सुंदर दिसावा म्हणून त्याने तो सगळा चिमुकल्या अक्षरांत लिहिला. वर्गातील एका अंध मुलाने संदेश उघडला. अशा वेळी काही पडदावाचक ती चिन्हे गाळून पुढे जातात. काही प्रत्येक चिन्हाचे लांबलचक इंग्रजी नाव एकामागून एक उच्चारू लागतात. त्यातून शब्द लागत नाही. काही थोडे वाचतात आणि थोडे सोडतात. संदेश आला एवढे त्या मुलाला कळले. स्थळ आणि वेळ कळली नाही. लिहिणाऱ्याच्या मनात त्याला वगळावे असे नव्हते. सजावट करताना त्याची आठवण राहिली नाही, इतकेच. पण सकाळी आठ वाजता तिकीटघरापाशी एक मुलगा कमी भरला, तर या दोहोंचा परिणाम सारखाच होतो.

शोध घेण्याच्या कामीही अशीच अडचण येते. युनिकोडच्या कोष्टकात वर चढलेल्या 'एच' विषयी अशी नोंद आहे, की हे मूळ 'एच' चे चढते रूप होय. त्या नोंदीच्या आधाराने एखादे शोधयंत्र ते अक्षर ओळखू शकते. बुटक्या कॅपिटल 'एच' विषयी मात्र अशी नोंदच नाही. त्या अक्षरांत लिहिलेले नाव साध्या अक्षरांनी शोधले, तर ते समोर असूनही सापडेलच असे नाही. आणि नोंद असली तरी सर्व काही सुरळीत होते असेही नव्हे. दहाच्या वर बारीक दोन लिहिले, तर त्याचा अर्थ दहाचा वर्ग, म्हणजे १०० असा होतो. एखाद्या यंत्राने त्या नोंदीप्रमाणे चढत्या दोनचे साधे दोन केले, तर १०० चे १०२ होतात. यावरून अक्षराचे स्थान आणि आकार यांनाही अर्थ असतो, हे ध्यानात येईल.

मग ही हौस करूच नये काय? असे म्हणण्याचे कारण नाही. उत्सवात दारापुढे रांगोळी काढतात, पण घराच्या पाटीवरचे नाव पुसून त्या जागी रांगोळी काढीत नाहीत. तोच विवेक येथे हवा. शोभेचा एखादा शब्द चिमुकल्या अक्षरांत असला, तर बिघडत नाही. परंतु स्वतःचे नाव, भेटीचे स्थळ, वेळ, दूरध्वनी क्रमांक, औषधाविषयीची सूचना, अशा गोष्टी साध्या अक्षरांतच लिहाव्यात. शाळेचा निबंध संगणकावर लिहिताना वर्गाचा अंक वर चढवावयाचा असेल, तर लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी स्वतंत्र सोय असते. तिच्यामुळे अक्षराचे रूप तेवढे लहान होते; क्रमांक बदलत नाही. आपला संदेश कानांना कसा पोहोचतो, हे जाणण्याचाही एक सोपा मार्ग आहे. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये पडदावाचक असतोच. मोठ्या माणसांच्या मदतीने तो चालू करावा, डोळे मिटावेत आणि स्वतः पाठविलेली चिमुकली ओळ ऐकून पाहावी.

स्थानकावरील पाटी रंगविणाऱ्याला कोणता उतारू ती वाचणार हे ठाऊक नसते. म्हणून तो ती सर्वांना वाचता येईल अशी रंगवितो. मोबाइलवर लिहिणाऱ्याला तर आपला संदेश कोणाला जाणार हे बहुधा ठाऊक असते. त्या माणसाला तो वाचता येईल ना, एवढा विचार पाठविण्यापूर्वी करणे हा लेखनाचा पहिला नियम आहे. पोथीतील काकपदापासून आजच्या पडद्यापर्यंत लिहिण्याची साधने पुष्कळ बदलली. तो नियम बदललेला नाही.